एका ऑब्जेक्टमधला बदल सगळ्यांमध्ये का दिसतो? पायथनमधील क्लास आणि इन्स्टन्सच्या गोंधळाचे निदान

नव्याने प्रोग्रामिंग शिकणाऱ्याला पायथन या भाषेत क्लास, म्हणजे एका प्रकारच्या वस्तूंची व्याख्या, लिहायला लागल्यावर काही दिवसांतच एक विचित्र अनुभव येतो. ग्रंथालयाच्या सभासदासाठी त्याने एक क्लास लिहिलेला असतो आणि त्यापासून दोन ऑब्जेक्ट (यांनाच त्या क्लासचे इन्स्टन्स म्हणतात) तयार केलेले असतात. पहिल्या सभासदाच्या नावावर एक पुस्तक नोंदवून तो दुसऱ्याची यादी छापतो, तर तेच पुस्तक तिथेही दिसते. कोणतीही एरर येत नाही, प्रोग्राम शेवटपर्यंत चालतो, उत्तर मात्र चुकीचे असते. ज्या दोषात संगणक काहीच तक्रार करत नाही तो शोधायला सर्वांत कठीण असतो, म्हणून या एकाच दोषाविषयी आणि त्याच्या जवळच्या नातेवाइकांविषयी येथे सविस्तर लिहीत आहे.

खालील उदाहरणांत पायथनचे राखीव शब्द, त्याच्या तयार फंक्शनांची आणि मेथडची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत आणि आकडेही देवनागरी आहेत. संगणकावर ते त्यांच्या मूळ रोमन रूपातच टाइप करावे लागतात. आपण स्वतः ठेवलेली क्लासची, मेथडची (क्लासच्या आत लिहिलेल्या फंक्शनची) आणि व्हेरिएबलची नावे मात्र पायथन ३ मध्ये देवनागरीत ठेवलेली चालतात. इनिट ही नवा ऑब्जेक्ट तयार होताना आपोआप चालणारी मेथड आहे आणि सेल्फ म्हणजे ज्या ऑब्जेक्टवर मेथड चालते आहे तो ऑब्जेक्ट.

क्लास सभासद:
    पुस्तके = []

    डेफ __इनिट__(सेल्फ, नाव):
        सेल्फ.नाव = नाव

    डेफ घे(सेल्फ, पुस्तक):
        सेल्फ.पुस्तके.अपेंड(पुस्तक)

पहिला = सभासद("क")
दुसरा = सभासद("ख")
पहिला.घे("शब्दकोश")
प्रिंट(दुसरा.पुस्तके)

शेवटची ओळ रिकामी यादी छापेल अशी आपली अपेक्षा असते, पण छापली जाते ती ‘शब्दकोश’ असलेली यादी.

अशा वेळी बहुतेक जण मेथड तपासू लागतात, कारण बदल तिथे घडलेला असतो. पण दोष तिथे नाही. ‘घे’ ही मेथड सांगितलेले काम नेमके करते आहे. प्रश्न असा विचारायला हवा की रिकामी यादी तयार करणारी ओळ एकूण किती वेळा चालली. दोन सभासदांच्या दोन वेगळ्या याद्या हव्या असतील, तर ‘नवी यादी तयार कर’ ही आज्ञा दोनदा अमलात यायलाच हवी. वरच्या कोडमध्ये ती एकदाच अमलात आली आहे. पायथन जेव्हा क्लासची व्याख्या वाचतो तेव्हा क्लासच्या थेट आत लिहिलेल्या ओळी त्याच क्षणी, एकदाच चालतात. पुढे शंभर सभासद तयार केले तरी ‘पुस्तके = []’ ही ओळ पुन्हा चालत नाही. इनिटच्या आतल्या ओळी मात्र प्रत्येक नव्या ऑब्जेक्टच्या वेळी एकदा चालतात.

म्हणून दुरुस्ती एवढीच आहे (‘घे’ ही मेथड तशीच राहते):

क्लास सभासद:
    डेफ __इनिट__(सेल्फ, नाव):
        सेल्फ.नाव = नाव
        सेल्फ.पुस्तके = []

दुरुस्ती सांगून थांबता आले असते, परंतु कारण न समजता ओळ हलवली की हाच दोष पुढच्या आठवड्यात वेगळ्या रूपात परत येतो, हे मी शिकणाऱ्यांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

साच्याची उपमा कुठे अपुरी पडते

क्लास म्हणजे साचा आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्या साच्यातून काढलेली वस्तू, असे बहुतेक ठिकाणी शिकवले जाते. सुरुवातीला ही उपमा उपयोगी पडते, पण नेमक्या या दोषाच्या ठिकाणी ती दिशाभूल करते, असे माझे मत आहे. साच्यात जे जे आहे त्याची प्रत प्रत्येक वस्तूला मिळते, असे त्या उपमेतून वाटते. पायथनमध्ये तसे घडत नाही. तिथे क्लास हा स्वतःच मेमरीत असलेला एक ऑब्जेक्ट आहे आणि त्याच्याकडे स्वतःची ॲट्रिब्यूट (टिंब देऊन वाचता येणारी नावे आणि त्यांची मूल्ये) असतात. वरच्या उदाहरणातली यादी त्या क्लासपाशी आहे. कोणत्याही सभासदाला तिची प्रत मिळालेली नाही.

मग ‘दुसरा.पुस्तके’ असे लिहिल्यावर ती सापडते कशी? कारण साधे ॲट्रिब्यूट वाचताना पायथन आधी त्या ऑब्जेक्टच्या स्वतःच्या नोंदींत शोधतो, तिथे नाव नसेल तर क्लासच्या नोंदींत शोधतो आणि तिथेही नसेल तर वारसाहक्काने जोडलेल्या वरच्या क्लासमध्ये जातो. लिहिताना मात्र हा प्रवास होत नाही. ‘दुसरा.पुस्तके = काहीतरी’ असे लिहिले की नोंद थेट त्या ऑब्जेक्टवरच होते आणि क्लासला हात लागत नाही. वाचताना वरपर्यंत जाणे आणि लिहिताना जागच्या जागी थांबणे, या दोन वेगळ्या वागणुकींतून या विषयातले जवळजवळ सगळे गोंधळ निर्माण होतात.

अपेंड (यादीच्या शेवटी भर घालणे) हे लिहिणे नसून आधी वाचणे आहे, हे येथे लक्षात घ्यायला हवे. ‘सेल्फ.पुस्तके’ वाचून यादी मिळवली जाते आणि मग त्या मिळालेल्या यादीत बदल केला जातो. ऑब्जेक्टवर नवी नोंद होतच नाही. त्यामुळे यादी क्लासची असेल तर बदलही क्लासच्या यादीतच होतो.

जावा, सी शार्प किंवा सी प्लस प्लस शिकून पायथनकडे आलेल्या व्यक्तीला हा दोष अधिक त्रास देतो आणि त्यात तिची चूक कमी असते. त्या भाषांत क्लासच्या आत, मेथडच्या बाहेर, ‘पुस्तके म्हणजे एक नवी यादी’ अशी ओळ लिहिली आणि तिच्यापुढे स्टॅटिक (सर्व ऑब्जेक्टमध्ये मिळून एकच, असे सांगणारा) हा शब्द नसला, तर ती ओळ प्रत्येक ऑब्जेक्टसाठी स्वतंत्रपणे चालते. दिसायला तशीच असलेली ओळ पायथनमध्ये मात्र स्टॅटिकसारखी वागते.

निदान कसे करावे

कोड बदलण्यापूर्वी खात्री करून घ्यावी. त्यासाठी ‘प्रिंट(पहिला.पुस्तके इज दुसरा.पुस्तके)’ ही एकच ओळ पुरते. इज हा शब्द दोन मूल्ये सारखी आहेत का हे विचारत नाही. दोन्ही नावे मेमरीतल्या एकाच वस्तूकडे बोट दाखवतात का, हे विचारतो. उत्तर ट्रू (खरे) आले तर यादी सामायिक आहे हे सिद्ध झाले. दुहेरी बरोबरचे चिन्ह (==) वापरून ही चाचणी करू नये, कारण दोन स्वतंत्र रिकाम्या याद्याही त्या तुलनेत समान ठरतात.

यानंतर ‘प्रिंट(व्हार्स(पहिला))’ असे लिहून पाहावे. व्हार्स हे फंक्शन त्या ऑब्जेक्टच्या स्वतःच्या नोंदी दाखवते. दोष असलेल्या कोडमध्ये तिथे फक्त नाव दिसेल आणि पुस्तके दिसणार नाहीत. साच्याच्या उपमेने जे झाकले गेले होते ते या एका ओळीत उघड होते, म्हणून मी प्रत्येक नवशिक्याला व्हार्स पहिल्या दिवसापासून वापरायला सांगतो.

काही जण आयडी या फंक्शनने ओळखक्रमांक छापून तुलना करतात. तेही चालते, पण एक काळजी घ्यावी लागते. हा क्रमांक केवळ त्या वेळी अस्तित्वात असलेल्या वस्तूंमध्ये वेगळा असतो. ‘आयडी(सभासद("क"))’ असे दोनदा लिहिले तर पहिला ऑब्जेक्ट कोणत्याच नावाशी बांधलेला नसल्यामुळे लगेच नष्ट होतो, त्याची जागा दुसऱ्याला मिळू शकते आणि दोन्ही क्रमांक सारखे दिसू शकतात. ऑब्जेक्ट आधी व्हेरिएबलमध्ये ठेवावेत आणि मगच क्रमांक पाहावेत.

ओळ इनिटमध्ये हलवूनही दोष गेला नाही तर

या तक्रारीचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे इनिटमध्ये ‘सेल्फ.पुस्तके = []’ ऐवजी नुसते ‘पुस्तके = []’ लिहिले जाणे. सेल्फ नसेल तर ते त्या मेथडपुरते स्थानिक व्हेरिएबल होते आणि मेथड संपताच नाहीसे होते. क्लासमधली जुनी ओळ काढून टाकलेली असेल तर निदान ‘असे ॲट्रिब्यूट नाही’ ही एरर येते आणि चूक लक्षात येते. पण सावधगिरी म्हणून जुनी ओळ तशीच ठेवली असेल, तर सेल्फ.पुस्तके वाचताना पायथन पुन्हा क्लासच्या यादीपर्यंत पोहोचतो आणि आपण दुरुस्ती केली असूनही काहीच बदलत नाही. म्हणून क्लासमधली ओळ आधी पूर्ण काढावी आणि नंतर इनिटमध्ये नवी लिहावी.

दुसरे कारण अधिक फसवे आहे. सभासदाला सुरुवातीलाच काही पुस्तके देता यावीत म्हणून इनिट असा लिहिला जातो:

डेफ __इनिट__(सेल्फ, नाव, पुस्तके=[]):
    सेल्फ.नाव = नाव
    सेल्फ.पुस्तके = पुस्तके

येथे सेल्फ आहे, ओळ इनिटच्या आत आहे, व्हार्समध्येही पुस्तके दिसतात, तरीही दोन सभासदांची यादी एकच निघते. पुन्हा तोच प्रश्न विचारावा: ती रिकामी यादी तयार करणारा भाग किती वेळा चालला? पॅरामीटरचे (डेफच्या कंसातल्या नावाचे) डिफॉल्ट मूल्य, म्हणजे काही न दिल्यास वापरायचे मूल्य, डेफची ओळ वाचली जाते तेव्हा, म्हणजे एकदाच तयार होते आणि फंक्शनपाशी जपून ठेवले जाते. यादी न देता तयार केलेल्या प्रत्येक सभासदाला तीच जपून ठेवलेली यादी मिळते. यावर सर्वमान्य उपाय असा:

डेफ __इनिट__(सेल्फ, नाव, पुस्तके=नन):
    सेल्फ.नाव = नाव
    इफ पुस्तके इज नन:
        सेल्फ.पुस्तके = []
    एल्स:
        सेल्फ.पुस्तके = लिस्ट(पुस्तके)

नन म्हणजे ‘काहीही दिलेले नाही’ हे दर्शवणारे मूल्य. शेवटच्या ओळीतला लिस्ट हा शब्द अनावश्यक वाटेल, परंतु तो मी मुद्दाम ठेवतो. बाहेरून आलेली यादी तशीच साठवली आणि बोलावणाऱ्याने तीच यादी दोन सभासदांना दिली, तर सामायिक यादीचा दोष बाहेरच्या दाराने परत येतो. लिस्ट म्हटल्यावर प्रत्येक वेळी नवी यादी तयार होते.

पायथन ३.७ पासून डेटाक्लास, म्हणजे इनिट आपोआप तयार करून देणारी सोय, उपलब्ध आहे आणि त्यात हा धोका ओळखून सोय केलेली आहे. प्रकार नमूद केलेल्या ॲट्रिब्यूटला थेट रिकामी यादी डिफॉल्ट म्हणून दिली की पायथन क्लास तयार करतानाच व्हॅल्यूएरर देतो आणि डिफॉल्ट फॅक्टरी वापरण्यास सुचवतो. या फॅक्टरीला तयार यादी द्यायची नसते. यादी बनवणारे फंक्शन द्यायचे असते आणि ते प्रत्येक ऑब्जेक्टसाठी नव्याने चालते. मात्र ॲट्रिब्यूटचा प्रकार लिहायला विसरलात तर डेटाक्लास त्या ओळीकडे लक्ष देत नाही, एरर येत नाही आणि ती ओळ पुन्हा साधी क्लासची यादी होऊन बसते.

ऑब्जेक्ट मुळात एकच असेल तर

आतापर्यंत ऑब्जेक्ट दोन होते आणि आतली यादी एक होती. कधी कधी ऑब्जेक्टच एक असतो आणि आपण त्याला दोन समजत असतो. ‘दुसरा = पहिला’ या ओळीने नवा सभासद तयार होत नाही; आधीच्याच सभासदाला आणखी एक नाव मिळते. नवा ऑब्जेक्ट हवा असेल तर क्लासच्या नावापुढे कंस लावून त्याला बोलवावेच लागते. सी प्लस प्लसमध्ये साध्या ऑब्जेक्टसाठी हीच ओळ सर्व घटकांची प्रत करते, त्यामुळे एका भाषेतला अनुभव दुसऱ्या भाषेत जसाच्या तसा गृहीत धरू नये.

‘[सभासद("")] * ३’ हाही याच घरातला दोष आहे. चौकटी कंसातला ऑब्जेक्ट एकदा तयार होतो आणि यादीत त्याच एका ऑब्जेक्टकडे बोट दाखवणाऱ्या तीन नोंदी जमा होतात. त्याऐवजी फॉर लूप किंवा लिस्ट कॉम्प्रिहेन्शन (चौकटी कंसातच लूप लिहून यादी बनवण्याची पद्धत) वापरले की सभासद तयार करणारा भाग तीनदा चालतो. लूप वापरूनही फसगत होते ती अशी: ऑब्जेक्ट लूपच्या बाहेर तयार केला जातो, लूपच्या आत त्याचे नाव बदलले जाते आणि प्रत्येक फेरीत तो यादीत टाकला जातो. लूप संपल्यावर यादीत दहा सभासद दिसतात, पण सर्वांचे नाव शेवटच्या फेरीतले असते. ऑब्जेक्ट तयार करणारी ओळ लूपच्या आत आणली की दोष जातो. फाइलमधून ओळी वाचून ऑब्जेक्ट भरण्याच्या कामात हा प्रकार माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त वेळा आला आहे.

प्रत करायची असेल तर कॉपी मॉड्यूल आहे, पण त्यातली कॉपी आणि डीपकॉपी ही दोन फंक्शने सारखी समजू नयेत. कॉपीने नवा सभासद मिळतो, परंतु त्याच्या आतली यादी जुन्याशी सामायिकच राहते. यादीही वेगळी हवी असेल तर डीपकॉपी लागते.

कंस विसरल्यावर येणारी गोंधळात टाकणारी एरर

‘पहिला = सभासद’ असे कंसाविना लिहिले तर पहिला हे खुद्द क्लासचे दुसरे नाव होते. मग ‘पहिला.घे("शब्दकोश")’ या ओळीवर ‘पुस्तक हा आवश्यक आर्ग्युमेंट दिलेला नाही’ अशा अर्थाची टाइपएरर येते (आर्ग्युमेंट म्हणजे बोलावताना कंसात दिलेले मूल्य). पुस्तक तर आपण दिलेले असते, त्यामुळे संदेश चुकीचा वाटतो. प्रत्यक्षात मेथड क्लासवरून बोलावल्यामुळे सेल्फ आपोआप भरला गेला नाही, ‘शब्दकोश’ सेल्फच्या जागी जाऊन बसला आणि पुस्तकाची जागा रिकामी राहिली. आर्ग्युमेंटची संख्या एकाने कमी भरत असेल, तर मेथडपेक्षा आधी ऑब्जेक्ट तयार करणारी ओळ पाहावी. ‘सभासद() आर्ग्युमेंट घेत नाही’ अशा अर्थाचा संदेश आला, तर बहुधा इनिटच्या नावात चूक असते: दोन्ही बाजूंना दोन-दोन अधोरेषा नसतात किंवा मधले एखादे अक्षर गळलेले असते. अशा वेळी पायथनला ती मेथड कन्स्ट्रक्टरच्या, म्हणजे नवा ऑब्जेक्ट सजवण्याच्या, कामाची म्हणून दिसतच नाही.

उलटे लक्षण: सामायिक हवे ते सामायिक राहत नाही

एकूण किती सभासद झाले हे मोजण्यासाठी क्लासमध्ये ‘एकूण = ०’ आणि इनिटमध्ये ‘सेल्फ.एकूण += १’ असे लिहिले, तर दहा सभासद तयार केल्यावरही सभासद.एकूण शून्यच राहतो आणि प्रत्येक सभासदाकडे एकूण १ दिसतो. वाचताना क्लासमधला शून्य सापडतो, त्यात एक मिळवला जातो आणि लिहिताना तो ऑब्जेक्टवर लिहिला जातो. येथे ‘सभासद.एकूण += १’ असे क्लासचे नाव घेऊनच लिहावे. एका सभासदाला जास्तीत जास्त किती पुस्तके देता येतात यासारखी मर्यादाही क्लासमध्येच असावी. क्लासमधले ॲट्रिब्यूट टाळण्याची गोष्ट आहे, असा निष्कर्ष या लेखातून कोणी काढू नये. संख्या आणि अक्षरमाला (स्ट्रिंग, म्हणजे मजकूर) जागच्या जागी बदलता येत नाहीत, त्यामुळे त्यांच्या बाबतीत सामायिक यादीचा त्रास उद्भवत नाही. तो याद्या, डिक्शनरी आणि सेट यांच्यासारख्या बदलता येणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत उद्भवतो.

यादीवर += वापरले तर दोन्ही गोष्टी एकदम घडतात. क्लासची सामायिक यादी जागच्या जागी वाढते आणि तीच यादी ऑब्जेक्टवरही नोंदवली जाते. यानंतर व्हार्समध्ये पुस्तके दिसू लागतात आणि यादी स्वतंत्र झाली असा समज होतो, पण ती स्वतंत्र झालेली नसते. म्हणून अंतिम निर्णय नेहमी इजच्या चाचणीवर सोडावा.

एका प्रकारच्या अनेक वस्तू आणि प्रत्येकीची स्वतःची स्थिती, ही गरज क्लास या कल्पनेच्या मुळाशीच आहे. ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन निगार्ड यांनी ऑस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात सिम्युला ६७ ही भाषा घडवली, तेव्हा त्यांच्यापुढे सिम्युलेशनचा, म्हणजे खऱ्या व्यवहाराची संगणकावर नक्कल करण्याचा, प्रश्न होता. रांगेतली प्रत्येक व्यक्ती एकाच नियमाने वागते, पण प्रत्येकीची जागा आणि थांबण्याचा वेळ वेगळा असतो. काय सर्वांचे आणि काय एकाचे, हे ठरवणे म्हणूनच क्लास लिहिण्यातले पहिले काम आहे.

दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही

ज्युपिटर नोटबुकमध्ये, म्हणजे कोड एकेका कप्प्यात लिहून चालवण्याच्या साधनात, काम करणाऱ्यांची एक वेगळी तक्रार असते. क्लास असलेला कप्पा पुन्हा चालवला की यादी रिकामी होते, म्हणून दोष गेला असे वाटते आणि थोड्या वेळाने तो परत येतो. कप्पा पुन्हा चालवल्यावर क्लासच्या आतल्या ओळी पुन्हा एकदा चालतात आणि त्याच नावाचा पूर्णपणे नवा क्लास तयार होतो, हे त्याचे कारण आहे. आधी तयार केलेले ऑब्जेक्ट जुन्याच क्लासचे राहतात, त्यामुळे त्यांच्यावर नवी दुरुस्ती लागू होत नाही आणि इझइन्स्टन्स या फंक्शनने विचारले तर ते नव्या क्लासचे नाहीत असे उत्तर मिळते. क्लास बदलल्यावर कर्नल (नोटबुकमागे कोड चालवणारा प्रोग्राम) पुन्हा सुरू करून सर्व कप्पे वरपासून चालवावेत.

कोड तपासण्यासाठी लिहिलेल्या चाचण्यांमध्येही असेच घडते. एखादी चाचणी एकटी चालवली की उत्तीर्ण होते आणि इतरांबरोबर चालवली की नापास होते, कारण आधीच्या चाचणीने सामायिक यादीत टाकलेले पुस्तक तिथेच राहिलेले असते. अशा क्लाससाठी मी एक छोटी चाचणी कायमची लिहून ठेवतो. ती दोन सभासद तयार करते, पहिल्याच्या नावावर पुस्तक नोंदवते, दुसऱ्याची यादी रिकामी असल्याचे तपासते आणि शेवटी दोघांच्या याद्या इजने तपासल्यावर फॉल्स हेच उत्तर येते ना, हे पाहते.